आकाशातल्या धुराचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला विमान वाहतूक आणि पर्यावरण या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या एका स्नेह्याने विचारले, "तुमचा आणि विमानाचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. विमानात आम्ही उभ्या आयुष्यात तीनदा बसलो, तेही कामगार परिषदांच्या निमित्ताने. परंतु गेली तीस वर्षे एक काम आम्ही सातत्याने केले आहे. ते म्हणजे वेतनकरार वाचण्याचे. विमानांच्या धुराविषयी निरनिराळ्या सरकारांनी जे कायदे व ठराव केले, तेही आम्ही त्याच सवयीने वाचून काढले, आणि ओळखीच्या पुष्कळ गोष्टी आम्हांला त्यांत भेटल्या.

करार हाती आला की नवखा कार्यकर्ता आधी रक्कम पाहतो. जुना कार्यकर्ता आधी व्याख्या पाहतो. हे शहाणपण आम्हांला फुकट मिळालेले नाही. एका कारखान्यात उत्पादन-बोनसचा करार आम्ही मोठ्या आनंदाने सही केला. दर उत्तम होता. फाटकावर पेढे वाटले गेले. पुढे वर्षभर कोणाच्या पाकिटात एक पैसा जास्त पडला नाही. शोध घेतला तेव्हा कळले, की बोनस ज्या उत्पादनाच्या वर मिळायचा, ते पायाभूत उत्पादन म्हणून दिवाळीपूर्वीचे दोन महिने धरले होते. आणि त्या दोन महिन्यांत आम्ही रात्रंदिवस ओव्हरटाइम करून नेहमीच्या दीडपट माल काढला होता. तेव्हापासून कोणताही करार आला की आम्ही तीन गोष्टी पाहतो. काय मोजायचे ठरले? कोणत्या पायापासून मोजायचे? आणि मोजपट्टी कोणाच्या हातात? आज याच तीन प्रश्नांची ओळ धरून आपण पुढे जाऊ.

प्रथम अपाय काय तो पाहू. विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच होय. एक किलो इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. एक किलोतून तीन किलो कसे, असे कोणी विचारील. तर इंधनातला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, त्याचे वजन त्यात मिळते. मुंबईहून दिल्लीला जाणारे एकशे ऐंशी आसनांचे विमान ताशी सुमारे अडीच टन इंधन जाळते. दोन तासांचे पाच टन धरले, तर पंधरा टनांहून जास्त कर्बवायू झाला. भरलेल्या विमानात माणशी ऐंशी-नव्वद किलो. जगातल्या एकंदर मानवी कर्बवायूपैकी विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. शिवाय विमानामागे उंच आकाशात जी पांढरी रेघ उमटते, ती काही वेळा पसरून पातळ ढग बनते आणि पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अशा गोष्टी जमेस धरल्या, तर मानवाने केलेल्या तापमानवाढीत विमानांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दाखवले आहे. याखेरीज विमानतळाशेजारी राहणाऱ्यांना गोंगाट आणि धूर सोसावा लागतो तो वेगळाच.

अडीच टक्के हा आकडा लहान वाटेल. पण तो किती माणसांचा आहे हे पाहावे. २०१८ साली जगातल्या फक्त अकरा टक्के लोकांनी विमानप्रवास केला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे २०२४ साली देशांतर्गत विमानप्रवास सोळा कोटींच्या वर गेला. पण हे प्रवास मोजलेले आहेत, माणसे नव्हेत. एकच गृहस्थ वर्षात वीस वेळा उडाला, तर तो वीस प्रवासी म्हणून मोजला जातो. धूर थोड्यांचा, आणि त्याने बिघडलेला पाऊस मात्र सर्वांच्या शेतावर, असा हा मामला आहे.

आता सरकारांनी काय केले ते पाहू. पहिला प्रयत्न गोंगाटाविरुद्ध झाला, आणि तो बऱ्याच अंशी यशस्वी झाला हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. जेट विमाने सर्रास उडू लागल्यावर न्यूयॉर्क, लंडन अशा शहरांत लोकांनी ओरड केली. अमेरिकेने १९६९ साली नव्या विमानांच्या आवाजाला मर्यादा घातली. संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न असलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, जिला आद्याक्षरांवरून 'इकाओ' म्हणतात, तिने १९७१ साली जागतिक नियम केले आणि पुढे ते वेळोवेळी कडक केले. जुनी गोंगाटी जेट विमाने अमेरिकेने १९९९ अखेर आणि युरोपने २००२ मध्ये आपल्या धावपट्ट्यांवरून घालवली. उद्योग बुडाला नाही. कारखानदारांनी शांत इंजिने बनवली. याचे कारण उघड आहे. आवाज मतदाराच्या कानावर पडतो, त्याला रात्री झोपू देत नाही, आणि तो मोजायला साधे यंत्र पुरते. कर्बवायूला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. त्याच्यासाठी कोणी रात्री दोन वाजता जागे होऊन तक्रार लिहीत नाही. म्हणून गोंगाटाचा नियम १९७१ साली झाला, आणि विमानाच्या कर्बवायूचा पहिला जागतिक निकष व्हायला २०१७ साल उजाडले. तोही असा, की बाजारात आधीच आलेल्या नव्या बनावटीच्या विमानांना जड जाऊ नये.

दिरंगाईचे दुसरे कारण जुन्या कराराच्या एका कलमात आहे. १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, शिकागो येथे राष्ट्रांनी नागरी विमान वाहतुकीचा करार केला. त्याच्या चोविसाव्या कलमान्वये परदेशातून आलेल्या विमानाच्या टाकीत जे इंधन असेल त्यावर जकात घ्यायची नाही असे ठरले. त्या काळी हे योग्यच होते. पुढे देशादेशांनी आपसांत जे करार केले, त्यांत विमानतळावर नव्याने भरलेल्या इंधनालाही ही सवलत मिळत गेली. परिणाम असा, की रिक्षावाला डिझेल किंवा गॅस भरताना कर देतो, एस.टी. महामंडळ कर देते, आणि मुंबईहून लंडनला जाणारे विमान इंधनावर बहुधा कर देत नाही. देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर आपल्याकडे राज्ये मूल्यवर्धित कर घेतात. पण तो पर्यावरणासाठी नसून तिजोरीसाठी आहे, आणि विमाने आपल्याकडे यावीत म्हणून राज्ये तो उतरवीत असतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड येथे तो पंचवीस टक्क्यांवरून अठरा टक्के केला. सरकारचा एक हात धूर कमी करा म्हणतो आणि दुसरा इंधन स्वस्त करतो, हे दृश्य जगभर दिसते.

१९९७ साली क्योटो येथे हवामानाचा करार झाला, तेव्हा आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर कोणाच्या खात्यावर घालायचा हा पेच पडला. विमान मुंबईचे, प्रवासी जर्मन, आकाश इराणचे, उतरायचे फ्रँकफुर्टला. मग धूर कोणाचा? श्रीमंत देशांनी या धुराला आळा घालण्याचे काम इकाओमार्फत करावे असे ठरले. विषय समितीकडे सोपवला म्हणजे काय होते, हे युनियनच्या माणसाला सांगायला नको. दहा वर्षे चर्चा चालली.

शेवटी युरोपने एकट्याने पाऊल टाकले. २००८ साली कायदा करून १ जानेवारी २०१२ पासून तेथे उतरणाऱ्या व तेथून उडणाऱ्या प्रत्येक विमानाला धुराचे परवाने लागू केले. व्यवस्था समजायला सोपी आहे. सरकार ठराविक टनांचे परवाने काढते. त्यांतले काही फुकट वाटते, काही लिलावाने विकते. ज्याचा धूर जास्त त्याने बाजारातून जादा परवाने विकत घ्यायचे. खटका उडाला तो मोजण्याच्या पद्धतीवरून. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाचा धूर युरोपच्या हद्दीपासून न मोजता मुंबईच्या धावपट्टीपासून मोजायचा होता.

यावर भारत, चीन, रशिया, अमेरिका असे एरवी एका टेबलावर न बसणारे देश एक झाले. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉस्कोत निषेधाची निवेदने निघाली. आपल्या सरकारने भारतीय विमान कंपन्यांना युरोपकडे आकडे पाठवू नका असे बजावले. अमेरिकेने आपल्या कंपन्यांना त्या योजनेपासून रोखता यावे म्हणून कायदाच केला. युरोपच्या न्यायालयाने योजना वैध ठरवली होती; तरीही नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने माघार घेतली, आणि योजना युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानांपुरती उरली.

या वादात बरोबर कोण? आम्हांला विचाराल तर आपल्या सरकारचे म्हणणे निराधार नव्हते. आकाशात शंभर वर्षे धूर सोडला तो कोणी? ज्यांनी आधी पोटभर खाल्ले, त्यांनी नुकत्याच पंगतीला बसलेल्याच्या पानाचा हिशेब आपल्या वहीत परस्पर लिहावा, हे कोणाला रुचेल? पण म्हणणे रास्त असले तरी त्यातून निघाले काय, हेही पाहिले पाहिजे. भारताने युरोपची मोजपट्टी नाकारली, ते आमच्या मते ठीक. परंतु तिच्या जागी स्वतःची मोजपट्टी आणली नाही. आमच्या चळवळीत असे घडते. दोन युनियन मान्यतेसाठी भांडतात, दोघींचे मुद्दे बिनतोड असतात, आणि त्या वर्षी करारच होत नाही. मालकाला यापरते काय हवे?

युरोपच्या माघारीनंतर इकाओवर दडपण आले, आणि २०१६ साली मॉन्ट्रियल येथे 'कोर्सिया' नावाची जागतिक योजना मंजूर झाली. हिच्यात धूर कमी करण्याची सक्ती नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर एका पायाच्या वर गेला, तर वरच्या धुराची भरपाई करायची, एवढेच. भरपाई म्हणजे जगात दुसऱ्या कोणी जंगल राखले, किंवा धूर टाळणारी चूल पेटवली, तर त्याचे प्रमाणपत्र विमान कंपनीने विकत घ्यायचे. आमच्या गिरणगावात बदली कामगार असत. कायम कामगार आला नाही, की त्याच्या जागी बदली उभा राहून साचा चालवी. ही भरपाई म्हणजे धुराची बदली आहे. विमान धूर सोडते, आणि त्याच्या नावावर दुसरा कोणी कुठेतरी धूर न सोडल्याची हजेरी लावतो. गिरणीत बदली आला की नाही हे जॉबरला समोर दिसे. गयानाच्या अरण्यात जे झाड तोडले गेले नाही, ते या प्रमाणपत्रामुळे वाचले की एरवीही वाचणारच होते, हे कोण पाहणार? योजनेच्या चालू टप्प्यातली पहिली प्रमाणपत्रे त्याच गयानाच्या जंगलांवर दिली गेली आहेत. जंगल राखणे चांगलेच. प्रश्न हजेरीचा आहे.

आणि आता तो पाया. मूळ ठरावाप्रमाणे २०१९ आणि २०२० या दोन वर्षांच्या धुराची सरासरी हा पाया होता. २०२० मध्ये करोनाची साथ आली, विमाने जमिनीवर उभी राहिली, आणि सरासरी एकदम खाली जाणार असे दिसू लागले. पाया खाली गेला म्हणजे भरपाई वाढणार. कंपन्यांनी धाव घेतली. जून २०२० मध्ये इकाओच्या कौन्सिलने सुरुवातीच्या तीन वर्षांसाठी २०२० हे साल गाळले आणि एकटे २०१९ ठेवले, म्हणजे तोवरचे सर्वांत धुरकट वर्ष. परिणाम असा, की २०२१ ते २०२३ या पहिल्या टप्प्यात धूर पायाच्या वर गेलाच नाही आणि कोणाला काहीही भरावे लागले नाही. हे वाचताना आम्हांला आमचा तो बोनसचा करार आठवला. तेथे पाया उंच धरून आम्हांला द्यायचे टाळले. येथे पाया उंच धरून आकाशाचे देणे टाळले. संकटाच्या काळी उद्योगाला श्वास घेऊ द्यावा, या युक्तिवादात तथ्य नाही असे नव्हे. विमान कंपन्यांत लाखो कामगारांच्या नोकऱ्या त्या वर्षी गेल्या. पण कामगार कमी करताना कोणी २०१९ चा पाया धरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. २०२२ साली पाया थोडा खाली आणून २०२४ पासून २०१९ च्या पंचाऐंशी टक्के ठरवला, ही सुधारणा नोंदवली पाहिजे. भारत या योजनेत २०२७ पासून बांधला जाणार आहे. पण कोर्सियात देशांतर्गत उड्डाणे मोजलीच जात नाहीत. मुंबई–दिल्ली हा जगातल्या गर्दीच्या हवाई मार्गांपैकी एक; त्याचा धूर त्या वहीत नाही.

तिसरा उपाय इंधन बदलण्याचा. वापरलेले तळणाचे तेल, मळी, शेतातला कचरा यांपासून विमानाचे इंधन करता येते. ते जळताना कर्बवायू सुटतोच. पण तो मुळात वनस्पतीने हवेतून घेतलेला असतो, म्हणून एकूण हिशेबात बचत होते. युरोपने विमानतळावर मिळणाऱ्या इंधनात अशा इंधनाचा वाटा २०२५ साली दोन टक्के, २०३० साली सहा आणि २०५० साली सत्तर टक्के करण्याचा कायदा केला आहे. आपल्या सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के असे लक्ष्य जाहीर केले. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका विमानात पुण्याच्याच प्राज कंपनीने तयार केलेले असे इंधन एक टक्क्यापर्यंत मिसळले होते. आमच्या भागातल्या अभियंत्यांचा आम्हांला यात अभिमान वाटतो. पण हे इंधन साध्याच्या दुपटीहून महाग आहे, आणि २०२४ साली जगातल्या विमान इंधनात त्याचा वाटा अर्धा टक्काही नव्हता. शिवाय मळी उसाची आणि ऊस पाण्याचा. उद्या विमानाच्या टाकीसाठी ऊस वाढवायचा म्हटले, तर ते पाणी कोणत्या गावच्या वाट्याचे, हा प्रश्न मराठवाड्याने आजच विचारून ठेवावा.

चौथा उपाय उड्डाणेच कमी करण्याचा, आणि तो सर्वांत अवघड. फ्रान्सने २०२१ साली कायदा केला, की अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते तेथे विमान नको. २०२३ मध्ये हुकूम निघाला तेव्हा तो फक्त तीन मार्गांना लागू झाला. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नान्त आणि लियाँ. हॉलंड सरकारने ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाची वर्षाची पाच लाख उड्डाणे चार लाख चाळीस हजारांवर आणायचे ठरवले. कारण लगतच्या रहिवाशांची झोप. युरोपीय आयोग, अमेरिका आणि विमान कंपन्या यांच्या विरोधापुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये तो बेत बाजूला ठेवावा लागला.

राहता राहिले विमानतळ. येथे आपल्या देशाने नाव कमावले आहे. कोचीचा विमानतळ २०१५ साली पूर्णपणे सौरविजेवर चालू लागला. असे करणारा तो जगातला पहिला. मुंबईचा विमानतळ २०२२ पासून सगळी वीज अक्षय स्रोतांतून घेतो. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु हा हिशेब इमारतीचा आहे. विमानांच्या टाकीतले इंधन त्यात येत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्याच्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावे उठवली. तेथेही छपरावर सौरपत्रे बसतील, आणि बसावीतच. पण सौरपत्र्याची वीज मोजताना टेकडीही मोजावी, असे तेथून उठलेला कोळी म्हणाला तर तो विकासाचा शत्रू ठरत नाही.

आता ज्यांची बाजू घेऊन आम्ही आयुष्य काढले त्यांच्याकडे वळतो. विमान उभे असतानाही त्याच्या शेपटीतले छोटे इंजिन वीज आणि थंड हवा यांसाठी चालू असते. त्याच्याखाली सामान चढवणारे लोडर आठ-आठ तास काम करतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या विमानतळावरील कामगारांनी संघटनेमार्फत हा प्रश्न धरून लावला. जेथे ते उभे राहतात तेथल्या हवेतले अतिसूक्ष्म कण मोजवून घेतले. आकडे शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यापेक्षाही जास्त निघाले. मग उभ्या विमानाचे इंजिन बंद ठेवून जमिनीवरून वीज द्यावी, गाड्या विजेवर चालवाव्यात, असे नियम आले. यात इंधन वाचले, कर्बवायू कमी झाला आणि कामगाराचे फुप्फुसही थोडे सुरक्षित झाले. मोजण्याची मागणी ज्याच्या छातीत धूर जात होता त्याने केली, म्हणून मोजणी त्याच्या नाकाजवळ झाली.

उड्डाणे कमी करा, एवढे बोलून आम्ही येथून निघून जाणार नाही. लोडर, सफाई कामगार, टॅक्सीवाले, कॅन्टीनवाले यांच्या चुली त्या धावपट्टीवर पेटतात. गिरण्या बंद झाल्या तेव्हा गिरणगावाचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. म्हणून धूर कमी करण्याचा जो करार होईल, त्यात या माणसांच्या पुढच्या कामाचे कलम पहिल्या पानावर असले पाहिजे, परिशिष्टात नव्हे.

२०२२ साली इकाओच्या महासभेने २०५० पर्यंत विमानांचा निव्वळ धूर शून्यावर आणण्याचे लक्ष्य ठरवले. लक्ष्य मोठे आहे, तारीख लांबची आहे, आणि कोणत्या देशाने किती करायचे हे त्यात लिहिलेले नाही. आम्ही त्याची थट्टा करणार नाही. आठ तासांचा दिवस हासुद्धा एके काळी केवळ ठरावच होता. तो ठरावातून उतरून फाटकावरच्या घड्याळात आला, कारण कामाचे तास कामगार स्वतः मोजू लागला.

२०२७ साली भारत कोर्सियात जाईल, आणि त्याच वर्षी मिश्र इंधनाचे पहिले लक्ष्य लागू व्हायचे आहे. तेव्हा वर्तमानपत्रांत मोठमोठे आकडे येतील. श्रोत्यांना आमची विनंती एवढीच, की आकडा वाचताना पेढे वाटण्याची घाई करू नये. त्यात देशांतर्गत उड्डाणे धरली आहेत का, पाया कोणत्या वर्षाचा घेतला आहे, आणि बदलीची हजेरी कोणी तपासली, हे आपल्या खासदाराला एक पोस्टकार्ड टाकून विचारावे. आम्हीही टाकणार आहोत. उत्तर आले तर पुढील वर्षी याच मांडवात ते वाचून दाखवू.